सतरावं नाव

५ जानेवारी, सोमवार

झालं एकदाचं! आज दुपारी सव्वातीनला 'शनिवारच्या'चं शेवटचं पान स्कॅन झालं. एक्केचाळीस वर्षांचं साप्ताहिक, दोन हजारांवर अंक — सगळं आता अंगठ्याएवढ्या एका डबीत. साहेबांनी ती डबी उंच धरून फोटो काढून घेतला. "शहराचा इतिहास अमर झाला!" म्हणाले. त्यांच्या मागं उभी राहून मी सात वेळा शिंकले. वाचनालयातली धूळ नेहमी माझ्याच वाट्याला येते.

साप्ताहिकाचं छापील नाव भारदस्त होतं, पण ते शनिवारी निघायचं म्हणून सगळे 'शनिवारचं' म्हणायचे. कुणाची सायकल चोरीला गेली, कुठल्या गल्लीत तीन दिवस नळ कोरडा, कोण परीक्षेत पहिला आला, कोणता शिंपी दुकान हलवून कुठं गेला! मोठ्या वर्तमानपत्रांना आमचं शहर आठवायचं ते पूर आला तरच. 'शनिवारचं' नसतं तर इथं कुणी राहत होतं याला पुरावा नव्हता.

आमच्याकडे त्याचे दोन संच होते. एक वाचनालयाचा — वाचून वाचून चिंध्या झालेला. दुसरा बाहेरगावच्या एका वर्गणीदारानं दान दिलेला, अगदी कोरा. कोरा स्कॅनला दिला, फाटका गेल्या जूनमध्ये निर्लेखित केला, म्हणजे नोंदीतून काढून रद्दीत दिला. दुबार म्हणून. ठेवायला जागा कुठं आहे!

धक्क्यावरच्या दगडासाठी यादीही आज पाठवली. बावन्न वर्षांपूर्वी शुक्रवारी सकाळी दुसऱ्या फेरीची होडी उलटली, एकतीस माणसं गेली. आता नगरपालिकेला त्यांची नावं कोरायची आहेत. सरकारी नोंदीत बावीसच आहेत — तिकीटवाले. 'शनिवारच्या'च्या बातमीदारानं काठावर उभं राहून रडणाऱ्या माणसांना विचारून विचारून एकतीस लिहिली. म्हणून आमचंच पान प्रमाण.

सतरावं नाव आईचं. तीनदा तपासलं.

मी पाच वर्षांची होते. बाबा 'शनिवारच्या'त जुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलून बातम्या जुळवायचे — अडतीस वर्षं. ती यादीही त्यांनीच जुळवली, आईच्या नावासकट. आणि मला अक्षरं शिकवली ती त्याच कात्रणावर. सोळा नावं ओलांडली की आई यायची. शाळेत घातलं तेव्हा मला सगळं वाचता येत होतं.

८ जानेवारी, गुरुवार

एक बाई आल्या. पासष्टीच्या पुढच्या. बाहेर कडक ऊन, हातात काळी छत्री, ती आतही मिटेनात. शेवटी मीच मिटून कोपऱ्यात ठेवली.

त्यांना होडीची यादी पाहायची होती. पडद्यावर लावून दिली. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकल्या, बोट फिरवत गेल्या, पुन्हा वर आल्या, पुन्हा खाली.

"माझ्या भावाचं नाही."

एकोणीस वर्षांचा भाऊ. पलीकडच्या कारखान्यात नोकरीचा पहिलाच दिवस. होडीवाला ओळखीचा, म्हणून तिकीट नाही काढलं, म्हणून सरकारी नोंदीत नाही. सापडलाही नाही. "पण 'शनिवारच्या'त होतं हो. तिसऱ्या रांगेत, खालून दुसरं. संध्याकाळी वडील अंक घेऊन आले, आईनं कापून ठेवलं."

मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या यादीत असेल. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, खूप वर्षं झाली. त्या म्हणाल्या, मला झालीयेत का?

आणि मग मी शहाणी म्हणाले, "ताई, छापलेलं बदलत नाही. आठवण बदलते."

त्या उठून गेल्या. छत्री राहिली.

९ जानेवारी, शुक्रवार

छत्री अजून कोपऱ्यात. तिच्याकडे पाठ करून बसले दिवसभर.

१२ जानेवारी, सोमवार

छत्रीवाल्या ताई छत्री न्यायला आल्या. येताना पाकीट घेऊन आल्या. पाकिटात बोटभर कागद. आईनं कात्रण इतक्यांदा उघडलं-मिटलं की घडीघडीवर विरलं, नावं गेली, उरला तो पानाचा वरचा कोपरा — तारीख आणि अंक क्रमांक.

पडद्यावरच्या पानाशी लावून पाहिलं. तारीख तीच, क्रमांक तोच. फक्त आमच्या पानावर क्रमांकापुढं एक बारका तारा आहे. त्यांच्या कागदावर नाही. आणि त्या जागी कागद फाटलेलाही नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आधी बाबांना विचारू म्हटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

चहा देताना बाबांना विचारलं. "तो तारा कसला हो, अंकाच्या आकड्याजवळचा?"

"शोभेचा गं, टिंबू. ओळ रिकामी दिसायची, टाकायचो काहीतरी."

सत्तावन्न वर्षांची घोडी झाले तरी मी टिंबूच. छपाईत टिंबाला जागा सगळ्यात कमी लागते, तशी म्हणे मी कुशीत मावायचे. त्यांना आता दिसत नाही जवळजवळ. पण बोटं अजून चालतात. बोलता बोलता चादरीवरून काहीतरी उचलतात, डाव्या मुठीत लावतात. अदृश्य खिळे.

चला, शोभेचा होता. जीव भांड्यात पडला.

१४ जानेवारी, बुधवार

नाही. शोभेचा नव्हता.

बाइंडरकाका आले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी घरी करमत नाही म्हणून येतात आणि आमच्या शिवणीला नावं ठेवतात. सहज म्हटलं, बाबा तारे टाकायचे शोभेला. काका हसायलाच लागले.

"शोभेला? अहो, तारा म्हणजे डाक! सकाळी छापून बाहेरगावी जायचा तो अंक ताऱ्याचा. मग पान पुन्हा उघडायचं, दिवसभरात आलेलं आत घालायचं, तारा काढायचा आणि संध्याकाळी शहरासाठी छापायचं. मला हे शिकवलंय कुणी? तुमच्या बाबांनीच!"

हातातलं भांडं मी टेबलावर ठेवायला गेले ते हवेतच ठेवलं.

बाहेरगावच्या वर्गणीदाराचा संच. अर्थातच ताऱ्यावाला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वर्षं ताऱ्यावाला! आणि जो आपल्या शहरानं संध्याकाळी दारात उभं राहून वाचला, हातोहात फिरवला, फाडला — तो मी चिंध्या म्हणून घालवला. त्यात ताईंचा भाऊ होता. त्या संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याचं नाव सांगायला पोचलं होतं.

मी तपासलं होतं हो! दोन्ही संचांतले होडीचे अंक शेजारी ठेवले होते. दोन्हीकडे तोच मथळा, तेच छायाचित्र, तोच एकतीस आकडा. यादी तर मला पाठच, ती पुन्हा वाचलीच नाही. आणि तरी खात्री हवी म्हणून घरी घेऊन गेले, बाबांच्या मांडीवर दोन्ही ठेवले. नेमका होडीचाच अंक त्यांनी मागितला. बोटं फिरवली, डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "एकच आहे, टिंबू. फाटका टाकून द्या."

शहाऐंशी वर्षं. विसरले बिचारे. त्यांचा काय दोष. सही माझी आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

निर्लेखनाची वही काढली. 'दुबार प्रती, जीर्ण, लगद्यासाठी रवाना.' खाली माझी सही — अगदी झोकदार, शेपटीसकट. कागद गिरणीला फोन केला. पलीकडचा माणूस चांगला होता, हसला नाही. "बाई, जूनचा माल? त्याची आता खोकी झाली असतील."

साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते डबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे बाहेर सांगायची गरज आहे का?" मग म्हणाले, "उपलब्ध पुराव्यानुसार यादी बरोबर आहे." उपलब्ध! पुरावा अनुपलब्ध कुणी केला ते विचारायलाही तयार नाहीत.

पाथरवटाला फोन केला. बोलका माणूस. "बाई, एकतीस ओळी आखून बसलोय. बत्तिसावी घालायची तर दगड नवा आणा. नाहीतर एक काढा. कुणाचं काढू, सांगा!" पंधरा फेब्रुवारीला छिन्नी लावणार आहे. आणि छापील कागद दाखवल्याशिवाय नगरपालिका एक अक्षर बदलणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

ताईंच्या घरी गेले. सांगायला हवंच होतं.

एकच खोली, दोन खिडक्या. भिंतीला लागून लोखंडी खाट. तिच्यावर त्या झोपत नाहीत, स्वतः खाली गादी घालतात. खाटेखाली पुरुषी बूट, पॉलिश केलेले. मी तिकडे पाहिलं तर म्हणाल्या, "पहिल्या दिवशी नवे नको, चावतील, म्हणून जुने घालून गेला."

मी एका दमात सांगून टाकलं. दोन आवृत्त्या, तारा, लगदा, माझी सही. तुमची आठवण बरोबर होती, चूक माझी. तुमच्या भावाचं नाव मी रद्दीत घातलं.

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग विचारलं, "तुमचं कोण होतं होडीत?"

"आई."

"तिचं आहे ना यादीत?"

"आहे."

"बरं झालं," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या! त्यात टोमणा असता तर मला झेपला असता. जिन्यात येऊन रडले. कितीतरी वर्षांनी अशी हुंदके देऊन रडले.

२१ जानेवारी, बुधवार

बाबांना भावाबद्दल सांगितलं. बूट, खाट, सगळं. ते जेवता जेवता थांबले. नंतर ताट सरकवलं.

"जाऊ दे ना, टिंबू. दगडावर नाव घातल्यानं कोण परत येतं?"

"मग आईचं तरी कशाला हवं?" मी ओरडले. बाबांवर ओरडले! उभ्या आयुष्यात नाही ओरडले कधी. आई गेली तेव्हा हा माणूस तिशीतला होता. दुसरं लग्न केलं नाही. होतं ते बिऱ्हाड सोडून शहराच्या या टोकाला आला, कारण त्या गल्लीत राहवेना. माझी वेणी घालायचा — खिळे जुळवायची बोटं, इतकी घट्ट घालायचा की डोळे ताणले जायचे. मला स्थळं आली तेव्हा मीच म्हटलं, यांना सोडून कुठं जाऊ. ते नको नको म्हणाले, पण मी ऐकलं नाही. आणि त्यांच्यावर ओरडले.

माफी मागितली. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि मान हलवत राहिले.

२८ जानेवारी, बुधवार

बाइंडरकाका! या माणसाचे पाय धुवायला हवेत!

मी शहरभर फिरून आले. जुनी दुकानं, जुने वर्गणीदार, 'शनिवारच्या'च्या संपादकांची नातसून — कुणाकडे एक अंक नाही. सगळ्यांचं एकच: तुमच्या वाचनालयात असेल की! हे ऐकून ऐकून कान किटले. काकांपुढं डोकं धरून बसले तर ते म्हणतात, "थांबा. होडीचं वर्ष म्हणजे पुठ्ठा मिळत नव्हता ते वर्ष."

तेव्हा ते नुकतेच कामाला लागले होते. बाजारात पुठ्ठा नाही आणि वह्या तर बांधायच्या. मग बाबा छापखान्यातून उरलेले अंक गठ्ठ्यानं आणून द्यायचे, काका खळ लावून एकावर एक थर चिकटवायचे, दाबाखाली आठ दिवस, की झाला पुठ्ठा. त्या वर्षी वाचनालयाच्या पुस्तकांच्या दाखल नोंदवह्या तशाच बांधल्या. सहा वह्या, बारा पुठ्ठे.

आणि नोंदवह्या हे कार्यालयीन दप्तर. ते मी सही करून फेकू शकत नाही. नियमच आहे!

सहाच्या सहा जागेवर आहेत. मी पुठ्ठ्याची कड नखानं उचकली. आत, थरात, छापील अक्षरं.

३० जानेवारी, शुक्रवार

बाबांना बातमी दिली. वाटलं, खूश होतील. म्हणाले, "गरम पाण्यात टाका. उकळत्या. लवकर सुटेल."

काकांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "उकळत्या? लगदा होईल सगळ्याचा! शाई धुऊन निघेल. म्हाताऱ्याला हे माहीत नाही असं होईल का?"

वय झालंय, म्हटलं. काकांनी पाणी कोमट केलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन पुठ्ठे झाले. मागच्या खोलीत पसरट घमेली, स्पंज, वर्तमानपत्रांच्या वाळवणीसाठी दोऱ्या. पहिला थर सुटायला चार तास. साहेब डोकावून गेले, "हे काय धोबीघाट मांडलंय?" म्हणाले. पण अडवलं नाही, एवढं श्रेय त्यांना देते.

होडीचा अंक नाही. पण काय काय निघतंय! 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील, मुठी नवीन.' 'पांढरा कुत्रा, डावा कान काळा, आणून देणाऱ्याचे उपकार विसरणार नाही.' एका मास्तरांचं संपादकांना रागाचं पत्र — पुलावरचा दिवा चार महिने बंद आहे आणि आपण बंद दिव्याखाली उभे राहून हे लिहीत आहोत. बंद दिव्याखाली लिहिलं कसं हो, मास्तर? काका आणि मी पोट धरून हसलो. ओल्या कागदावरून ही माणसं एकेक करून बाहेर येताहेत आणि दोरीवर वाळताहेत.

सगळे बिनताऱ्याचे अंक आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा पुठ्ठे. नाही.

घरात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा विचारतात, "काय निघालं?" रोज. नाही म्हटलं की निजतात शांत. माझ्याएवढीच काळजी लागलीय त्यांना.

९ फेब्रुवारी, सोमवार

आठ पुठ्ठे. ताई रोज येऊन बाकावर बसतात. विचारत नाहीत काही. छत्री मांडीवर. बोटं पाण्यानं सुरकुतली माझी, तर आज त्यांनी ती आपल्या पदरानं पुसली.

११ फेब्रुवारी, बुधवार

मिळालं! मिळालं! मिळालं!

नववा पुठ्ठा, चौथा थर. आधी छायाचित्राची कड दिसली — उलटी होडी. काका म्हणाले, श्वास रोखा. मी नाही रोखला, मी ओरडले. पानाचा खालचा अर्धा सबंध सुटला, वरचा अजून पुढच्या थराला धरून बसलाय. पण खालचा पुरे होता. तिसरी रांग. खालून दुसरं.

ताईंना हाताला धरून आत आणलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नाव वाचलं नाही — त्यावर बोट ठेवलं. ओल्या कागदावर बोट ठेवू नका म्हणणारे काका तोंड फिरवून उभे राहिले. ताई भावाला म्हणाल्या, "किती शोधायला लावलंस रे." असं, घरी उशिरा आल्यावर म्हणतात तसं.

नंतर मला म्हणाल्या, "तुमची आई कुठं आहे? दाखवा की."

वरच्या अर्ध्यात आहे, म्हटलं. दुसरी रांग, सहावं. उद्या सुटेल.

नगरपालिकेतल्या साहेबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: 'पुरावा मान्य. मात्र ओळी एकतीसच.' बघू. दगडाला पाया पडेन, पाथरवटाच्या पडेन. आज काही अशक्य वाटत नाही.

बाबांना दारातूनच सांगितलं. त्यांची बोटं चादरीवर चालली होती ती थांबली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वरचा अर्धा सुटला. आज लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिते. न लिहून जाणार कुठं.

दुसरी रांग, सहावं. तिथं आई नाही. तिथं अठराव्या नंबरचे ते कापडवाले आहेत, एक घर वर सरकलेले. मी एकापासून मोजलं. पुन्हा मोजलं. बोट ठेवून, पाच वर्षांची असताना मोजायचे तसं. एकतीस भरतात. ताईंचा भाऊ आला, आई गेली, म्हणून आकडा तोच.

आणि यादीच्या डोक्यावर चौकट. उतरवून ठेवते:

'आज सकाळच्या डाक आवृत्तीत आमच्या जुळाऱ्यांच्या पत्नीचे नाव अनवधानाने मृतांत छापले गेले. त्या पहिल्याच फेरीने पैलतीरी उतरल्या असून सुखरूप आहेत, असा निरोप त्यांनी स्वतः पाठविला आहे. आम्ही दिलगीर आहोत.'

काकांना म्हटलं, हे काय आहे? काकांनी वाचलं. ते दचकले नाहीत! मला ते आधी दिसलं — दचकले नाहीत. "मला वाटलं," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत बाबांनी सांगितलं असेल तुम्हाला." मग पुढं काही सांगायला गेले, मी हात वर केला.

एकच आहे, टिंबू. फाटका टाकून द्या. शोभेचा तारा. उकळतं पाणी. विसरले नव्हते ते काहीच. माझ्याच हातून पुसायला लावलं — माझ्याच सहीनं! — आणि त्यात एकोणीस वर्षांचा पोरगा गेला तरी चाललं त्यांना.

आज सकाळी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "चौकट निघाली, बाबा."

मग सांगू लागले. "ती चौकट मीच जुळवली. संपादक म्हणाले, दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, नको. खिळे उलटे असतात ना... वाटलं, मीच उलटं वाचतोय. छापून आल्यावर सरळ वाचलं."

मी चादरीवरच्या त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

"सकाळी रडलो होतो, टिंबू, तिचं नाव जुळवताना. खरं रडलो होतो. संध्याकाळी कळलं की ती निघून गेलीय. तू विचारत होतीस, आई कुठं. सकाळचा अंक समोर पडला होता." आणि मग, "मेलेली आई तुला सोपी गेली असती."

सोपी! बावन्न वर्षं मी तिच्यासाठी पाण्याकडे बघत आले. ती बुडताना घाबरली असेल का, माझं नाव घेतलं असेल का! आणि ती काठावर उतरून चालू लागली होती, मला मागं ठेवून. आणि हा माणूस मला मांडीवर घेऊन बोटानं वाचायला शिकवत होता. दोघांपैकी कुणावर रडू ते कळत नाही. दोघांवरही रडतेय.

नंतर त्यांच्या औषधाच्या गोळ्या काढून दिल्या. पाणी दिलं. पुढचं विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाथरवटाला फोन केला. म्हटलं, सतरावं काढा, तिथं हे घाला. ताईंच्या भावाचं नाव सावकाश, अक्षर अक्षर सांगितलं.

"जमेल की! ओळी तेवढ्याच," तो म्हणाला. "काढलेलं कुणाचं, बाई?"

"माझ्या आईचं. ती बुडालीच नव्हती."

"अरे वा!" केवढा खूश झाला तो. "वाचल्या म्हणजे! मग असतात कुठं आता?"

मी म्हटलं, विचारून सांगते.